सातवा हाकोन

सातवा हाकोन (जन्मनाव: क्रिश्चन फ्रेडरिक कार्ल गेऑर्ग वाल्डेमार आक्सेल, ३ ऑगस्ट, इ.स. १८७२ - २१ सप्टेंबर, इ.स. १९५७) हा इ.स. १९०५ ते इ.स. १९५७ या काळात नॉर्वेचा राजा होता. मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र असलेला हाकोन नॉर्वेच्या जनतेच्या सार्वमतानंतर तेथील सिंहासनावर आला. एप्रिल १९४० मध्ये नाझी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले, तेव्हा विद्कुन क्विसलिंग याला पंतप्रधान नेमण्याची जर्मन मागणी त्याने मान्य केली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये व्यापलेल्या नॉर्वेतील संसदेच्या अध्यक्षमंडळाने राजत्यागाची केलेली विनंतीही त्याने नाकारली. या दोन नकारांमुळे तो नॉर्वेच्या प्रतिकारलढ्याचे प्रतीक बनला. एप्रिल १९४० मधील घटनांवर इ.स. २०१६ मध्ये 'राजाचा नकार' अशा अर्थाच्या शीर्षकाचा नॉर्वेजियन चित्रपट निघाला.

सुरुवातीचे जीवन

हाकोनचा जन्म डेन्मार्कची राजधानी कोपनहेगननजीकच्या शार्लोटेनलुंड राजवाड्यात झाला. घरात त्याला कार्ल या नावाने ओळखत. त्याचे वडील फ्रेडरिक हे पुढे आठवा फ्रेडरिक या नावाने डेन्मार्कचे राजे झाले. आई लुईस ही स्वीडन व नॉर्वेचा राजा पंधरावा कार्ल याची एकुलती एक हयात मुलगी होती. नॉर्वे त्या काळी स्वीडनच्या राजाच्या अमलाखाली असल्यामुळे ज्या देशाचा कार्ल पुढे राजा झाला, त्या देशावर त्याच्या आजोबांनीही राज्य केले होते.

कार्ल हा दुसरा मुलगा होता. सिंहासनाचा वारसा थोरला भाऊ क्रिश्चन याच्याकडे जाणार असल्याने कार्लसाठी आरमारातील नोकरी ठरविण्यात आली. त्याने डॅनिश नौदलाच्या विद्यालयात शिक्षण घेतले आणि इ.स. १८९३ मध्ये तो अधिकारी झाला. जहाजावरील शिस्त, साधी राहणी आणि सहकाऱ्यांबरोबर बरोबरीच्या नात्याने वागण्याची सवय त्याला या नोकरीत लागली. राजा झाल्यावरही ती सुटली नाही.

विवाह

२२ जुलै, इ.स. १८९६ रोजी लंडनमधील बकिंगहॅम राजवाड्यात कार्लचा विवाह ब्रिटिश राजकन्या मॉड हिच्याशी झाला. मॉड ही युवराज एडवर्ड (पुढे राजा सातवा एडवर्ड) व अलेक्झांड्रा यांची धाकटी मुलगी होती. अलेक्झांड्रा ही कार्लच्या वडिलांची बहीण असल्याने मॉड ही कार्लची सख्खी आतेबहीण होती. या दांपत्याला २ जुलै, इ.स. १९०३ रोजी इंग्लंडमधील सँड्रिंगहॅम येथे अलेक्झांडर हा एकुलता एक मुलगा झाला. नॉर्वेत आल्यावर त्याचे नाव ओलाव असे ठेवण्यात आले.

इ.स. १९०५ चे सार्वमत

इ.स. १८१४ पासून नॉर्वे व स्वीडन या दोन राज्यांचा राजा एकच होता. नॉर्वेची स्वतःची राज्यघटना व स्टोर्टिंग ही संसद होती, परंतु परराष्ट्र व्यवहार स्टॉकहोममधून चालत. नॉर्वेच्या व्यापारी जहाजांची संख्या मोठी असल्यामुळे परदेशांत स्वतःचे वाणिज्यदूत असावेत, अशी मागणी तेथे जोर धरू लागली. इ.स. १९०५ मध्ये स्टोर्टिंगने संमत केलेल्या अशा कायद्यावर सही करण्यास राजा दुसरा ऑस्कर याने नकार दिला. तेव्हा क्रिस्टियन मिकेलसेन याच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राजाला दुसरे मंत्रिमंडळ बनविता आले नाही. ७ जून, इ.स. १९०५ रोजी स्टोर्टिंगने राजाची सत्ता संपुष्टात आल्याचे आणि त्याबरोबर दोन राज्यांचा संयोगही संपल्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये झालेल्या सार्वमतात ३,६८,२०८ मते विभक्त होण्याच्या बाजूने, तर केवळ १८४ मते विरोधात पडली.

नव्या राज्यासाठी राजा शोधताना कार्लचे नाव पुढे आले. आईकडून स्वीडन-नॉर्वेच्या राजघराण्याशी, पत्नीकडून ब्रिटनशी असलेले नाते आणि वारस म्हणून लहान मुलगा या गोष्टी त्याला अनुकूल होत्या. मात्र नॉर्वेत प्रजासत्ताकाचा पुरस्कार करणारे अनेक नेते होते, याची कार्लला कल्पना होती. ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेन याने कोपनहेगनला जाऊन त्याची मनधरणी केली, तरी संसदेच्या निवडीवर विसंबून सिंहासन स्वीकारण्यास कार्ल राजी झाला नाही. राजेशाही हवी की नको, हे प्रत्यक्ष मतदारांनी सांगावे, अशी अट त्याने घातली. मिकेलसेन सरकारला हा विलंब धोक्याचा वाटत होता. अखेर १२ व १३ नोव्हेंबर रोजी दुसरे सार्वमत घेण्यात आले. त्यात २,५९,५६३ मते कार्लला राजपद देण्याच्या बाजूने व ६९,२६४ मते विरोधात पडली. स्त्रियांना त्या वेळी मतदानाचा अधिकार नव्हता.

१८ नोव्हेंबर रोजी स्टोर्टिंगने एकमताने कार्लची राजा म्हणून निवड केली. त्याने मध्ययुगीन नॉर्वेजियन राजांचे हाकोन हे नाव धारण केले. यापूर्वीचा सहावा हाकोन इ.स. १३८० मध्ये मरण पावला होता. त्यामुळे सव्वापाचशे वर्षांनी हे नाव पुन्हा सिंहासनावर आले.

राज्यारोहण व राज्याभिषेक

२५ नोव्हेंबर, इ.स. १९०५ रोजी राजकुटुंब डॅनिश राजनौकेतून ऑस्लोच्या खाडीत आले. ऑस्कर्सबोर्ग किल्ल्याजवळ ते हायमडाल या नॉर्वेजियन नौकेवर चढले. बर्फ पडत असताना दोन वर्षांच्या ओलावला कडेवर घेतलेला राजा आणि त्याचे स्वागत करणारा पंतप्रधान मिकेलसेन हे दृश्य नॉर्वेच्या इतिहासातील सर्वपरिचित छायाचित्रांपैकी एक आहे. २७ नोव्हेंबर रोजी हाकोनने स्टोर्टिंगपुढे राज्यघटनेचे पालन करण्याची शपथ घेतली. २२ जून, इ.स. १९०६ रोजी ट्रोंडहाइम येथील निडारोस कॅथेड्रलमध्ये हाकोन व मॉड यांचा राज्याभिषेक झाला. अनेकांना हा विधी लोकशाहीत कालबाह्य वाटत होता. इ.स. १९०८ मध्ये राज्याभिषेकाचे कलम घटनेतून वगळण्यात आले, त्यामुळे नॉर्वेतील हा अखेरचा राज्याभिषेक ठरला.

घटनात्मक राजा

हाकोनने प्रत्यक्ष राजकारणापासून स्वतःला दूर ठेवले. मंत्रिमंडळाचा सल्ला मानणे आणि प्रत्येक पक्षाशी सारखे वागणे हा त्याचा नेम होता. पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ राहिला. डिसेंबर १९१४ मध्ये स्वीडन, डेन्मार्क व नॉर्वे या तिन्ही देशांच्या राजांची स्वीडनमधील माल्मो येथे भेट झाली व तटस्थतेचे धोरण जाहीर करण्यात आले.

जानेवारी १९२८ मध्ये हाकोनने मजूर पक्षाच्या क्रिस्टोफर होर्नस्रुड याला सरकार बनविण्यासाठी पाचारण केले. मजूर पक्ष आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सर्वांत मोठा पक्ष ठरला होता, परंतु त्याची भूमिका क्रांतिकारक होती आणि राजेशाहीला त्याचा तात्त्विक विरोध होता. आपण समाजातील सर्वांचे, अगदी साम्यवाद्यांचेही राजे आहोत, अशी भूमिका हाकोनने या प्रसंगी घेतल्याचे सांगितले जाते. होर्नस्रुडचे सरकार तीन आठवडेही टिकले नाही. तरीही या निर्णयामुळे कामगारवर्गाचा राजाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. इ.स. १९३५ मध्ये योहान न्यूगोर्सवोल्ड याच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला. युद्धकाळात राजाबरोबर देशोधडीला लागलेले सरकार ते हेच.

इ.स. १९२९ मध्ये युवराज ओलावचा विवाह स्वीडनची राजकन्या मार्था हिच्याशी झाला. मार्था ही हाकोनच्या बहिणीची मुलगी असल्याने भाचीच सून म्हणून घरात आली. २० नोव्हेंबर, इ.स. १९३८ रोजी राणी मॉडचे लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर निधन झाले. हाकोनने पुन्हा विवाह केला नाही.

जर्मन आक्रमण

९ एप्रिल, इ.स. १९४० रोजी पहाटे जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे या दोन्ही तटस्थ देशांवर एकाच वेळी हल्ला केला. डेन्मार्कचा राजा दहावा क्रिश्चन हा हाकोनचा थोरला भाऊ होता. सपाट, छोट्या व जर्मनीला लागून असलेल्या डेन्मार्कने काही तासांत निषेध नोंदवून शरणागती पत्करली. नॉर्वेत मात्र ऑस्लो ताब्यात घेण्यासाठी निघालेली ब्ल्यूखर ही जर्मन क्रूझर ऑस्कर्सबोर्ग किल्ल्यावरील जुन्या तोफांनी व पाणतीरांनी खाडीत बुडविली. पस्तीस वर्षांपूर्वी राजकुटुंब याच किल्ल्याजवळ उतरले होते. या घटनेमुळे राजधानी जर्मनांच्या हाती पडण्यास काही तासांचा विलंब झाला. तेवढ्या अवधीत स्टोर्टिंगचा अध्यक्ष कार्ल योआकिम हाम्ब्रो याने राजकुटुंब, मंत्रिमंडळ व संसद सदस्य यांना खास रेल्वेगाडीने उत्तरेकडील हामारला व तेथून पुढे एल्वेरुमला हलविले. युवराज्ञी मार्था व तिची मुले सीमा ओलांडून स्वीडनला गेली.

त्याच संध्याकाळी एल्वेरुम येथील बैठकीत, स्टोर्टिंगला पुन्हा भरणे शक्य होईपर्यंत देशहितासाठी आवश्यक ते निर्णय घेण्याचे अधिकार सरकारला देण्यात आले. दरम्यान ऑस्लोत विद्कुन क्विसलिंग याने नभोवाणीवरून स्वतःच पंतप्रधान झाल्याचे जाहीर केले. त्याच्या पक्षाचा स्टोर्टिंगमध्ये एकही सदस्य नव्हता. राजाला पकडण्यासाठी निघालेल्या जर्मन तुकडीला रात्री एल्वेरुमजवळील मिडस्कोगेन येथे घाईने जमविलेल्या नॉर्वेजियन सैनिकांनी व स्वयंसेवकांनी परतवून लावले.

एल्वेरुमची भेट व पहिला नकार

१० एप्रिल रोजी जर्मन राजदूत कुर्ट ब्रॉयर याने एल्वेरुम येथे हाकोनची भेट घेतली. त्याने राजाशी एकट्याने बोलण्याचा आग्रह धरला. काही वेळाने राजाने परराष्ट्रमंत्री हाल्व्दान कोह्त याला बोलावून घेतले, कारण मंत्र्यांच्या सल्ल्यावाचून उत्तर देण्याचा घटनेने त्याला अधिकार नव्हता. प्रतिकार थांबवावा आणि क्विसलिंगला पंतप्रधान नेमावे, अशी ब्रॉयरची मागणी होती. डेन्मार्कच्या राजाने परिस्थिती ओळखून रक्तपात टाळला, हे उदाहरण त्याच्यापुढे ठेवण्यात आले.

हाकोनने तत्काळ उत्तर दिले नाही. तो स्वीडनच्या सीमेजवळील निबर्गसुंड या गावी थांबलेल्या मंत्रिमंडळाकडे गेला. तेथे त्याने आपली भूमिका मांडली. मागणी नाकारल्यास देशावर व तरुण पिढीवर ओढवणाऱ्या संकटाची जबाबदारी त्याला जड वाटत होती. निर्णय मंत्रिमंडळाचा आहे आणि त्यावर आपल्या मताचे दडपण येऊ नये, असे त्याने सांगितले. परंतु ज्या माणसावर जनतेचा व स्टोर्टिंगचा विश्वास नाही, त्याची नेमणूक आपल्याला करता येणार नाही. मंत्रिमंडळाला जर्मन मागणी मान्य करणे भाग वाटल्यास आपण स्वतःसाठी व आपल्या घराण्यासाठी सिंहासन सोडू, असेही त्याने स्पष्ट केले. मंत्रिमंडळाने राजाला पाठिंबा दिला. कोह्तने दूरध्वनीवरून ब्रॉयरला नकार कळविला.

घटनेच्या दृष्टीने हा निर्णय सरकारचाच होता. राजाने फक्त स्वतः काय करणार नाही, एवढेच सांगितले होते. परंतु इ.स. १९०५ मध्ये मतदारांचा कौल घेतल्याखेरीज सिंहासन न स्वीकारणाऱ्या राजाने असा कौल नसलेल्या पंतप्रधानाच्या नेमणुकीवर सही करण्याऐवजी ते सिंहासनच सोडण्याची तयारी दाखविली होती.

दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिल रोजी, जर्मन विमानांनी एल्वेरुम व निबर्गसुंड या दोन्ही ठिकाणी बॉम्बहल्ले केले. एल्वेरुमचा मध्यभाग जळून खाक झाला. निबर्गसुंडमध्ये ६७ वर्षांच्या राजाने, युवराजाने व मंत्र्यांनी बर्फाने भरलेल्या जंगलात आसरा घेऊन जीव वाचविला. त्यानंतर हा काफिला दऱ्याखोऱ्यांतून पश्चिम किनाऱ्यावरील मोल्डे येथे पोहोचला. तेथे बॉम्बहल्ल्याच्या वेळी भूर्ज वृक्षाखाली उभे असलेले राजा व युवराज यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. २९ एप्रिल रोजी ब्रिटिश क्रूझर ग्लासगोने त्यांना उत्तरेकडे नेले. फ्रान्समधील पराभवामुळे दोस्त सैन्य उत्तर नॉर्वेतून माघारी फिरले, तेव्हा ७ जून, इ.स. १९४० रोजी राजा, युवराज व सरकार ट्रॉम्सो येथून डेव्हनशायर या ब्रिटिश क्रूझरवरून इंग्लंडला निघाले.

राजत्यागाची मागणी व दुसरा नकार

राजाने देश सोडल्यानंतर त्याच्यावर आलेले दडपण पहिल्यापेक्षा अधिक अवघड होते, कारण ते स्वतःच्या देशबांधवांकडून आले. जर्मन राज्यायुक्त योसेफ टेर्बोवेन याने ऑस्लोत उरलेल्या स्टोर्टिंगच्या अध्यक्षमंडळाशी वाटाघाटी सुरू केल्या. जर्मनी सर्वत्र विजयी होत होता आणि फ्रान्स शरण गेला होता. अशा स्थितीत देशाचा कारभार निदान काही अंशी नॉर्वेजियन हातांत राहावा, या आशेने अध्यक्षमंडळ जर्मन अटींपुढे झुकले. २७ जून रोजी त्याने राजाला आपल्या व आपल्या घराण्याच्या वतीने राजपदाचा त्याग करण्याची विनंती केली.

३ जुलै रोजी लंडनहून हाकोनने नकार कळविला. परकी सैन्याच्या ताब्यात असलेल्या देशात, दडपणाखाली घेतलेला निर्णय हा स्वतंत्र जनतेचा निर्णय मानता येत नाही आणि राज्यघटनेलाही तो धरून नाही, असा या उत्तराचा आशय होता. ८ जुलै रोजी बीबीसीच्या नॉर्वेजियन प्रक्षेपणातून हे उत्तर जनतेपर्यंत पोहोचले आणि हस्तलिखित प्रतींच्या रूपाने घरोघरी फिरले. वाटाघाटी पुढे काही काळ चालू राहिल्या. २५ सप्टेंबर रोजी टेर्बोवेनने राजघराण्याचे स्थान संपल्याचे जाहीर करून क्विसलिंगचा पक्ष सोडून इतर सर्व पक्षांवर बंदी घातली. त्यामुळे तडजोडीची आशा संपली.

लंडनमधील वास्तव्य

पुढील पाच वर्षे हाकोन व नॉर्वेचे सरकार लंडनमध्ये राहिले. नॉर्वेचा सुमारे एक हजार जहाजांचा व्यापारी ताफा दोस्त राष्ट्रांच्या कामी येत होता व त्याच्या उत्पन्नातून सरकारचा खर्च चालत होता. बीबीसीवरून राजाची भाषणे नॉर्वेत ऐकली जात. जर्मनांनी रेडिओ संच जप्त केल्यावर ती चोरून ऐकली जाऊ लागली. 'एच' या रोमन अक्षरात ७ हा आकडा गुंफलेली राजाची मुद्रा भिंतींवर, रस्त्यांवर आणि बर्फावर रेखाटली जाऊ लागली. ३ ऑगस्ट, इ.स. १९४२ रोजी राजाच्या सत्तराव्या वाढदिवशी अनेकांनी कोटाच्या काजात फूल खोवले. एवढ्या कारणावरूनही लोकांना अटक झाली.

पुनरागमन व अखेरची वर्षे

८ मे, इ.स. १९४५ रोजी नॉर्वे मुक्त झाला. टेर्बोवेनने आत्महत्या केली. क्विसलिंगवर देशद्रोहाचा खटला चालून ऑक्टोबरमध्ये त्याला देहदंड देण्यात आला. हाकोन ७ जून, इ.स. १९४५ रोजी नॉरफोक या ब्रिटिश क्रूझरवरून ऑस्लोला परतला. स्वीडनशी असलेला संयोग संपल्याला त्या दिवशी चाळीस वर्षे व देश सोडल्याला पाच वर्षे पूर्ण झाली होती.

इ.स. १९४७ मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त जनतेने वर्गणी काढून राजाला एक नौका भेट दिली. नॉर्गे नावाची ही राजनौका आजही वापरात आहे. इ.स. १९५५ मध्ये पडल्यामुळे हाकोनच्या मांडीचे हाड मोडले व त्यानंतर त्याला चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. युवराज ओलावने राजप्रतिनिधी म्हणून कामकाज सांभाळले. २१ सप्टेंबर, इ.स. १९५७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी ऑस्लोच्या राजवाड्यात हाकोनचे निधन झाले. १ ऑक्टोबर रोजी आकर्सहुस किल्ल्यातील राजघराण्याच्या समाधिगृहात राणी मॉडशेजारी त्याचा दफनविधी झाला. त्याच्यामागून ओलाव हा पाचवा ओलाव या नावाने राजा झाला.

चित्रपट

एरिक पोपे याने दिग्दर्शित केलेला नॉर्वेजियन चित्रपट (इ.स. २०१६) ९ ते ११ एप्रिल, इ.स. १९४० या तीन दिवसांवर केंद्रित आहे. हाकोनची भूमिका येस्पर क्रिस्टेन्सन या डॅनिश अभिनेत्याने केली. हाकोनच्या बोलण्यात अखेरपर्यंत डॅनिश वळण राहिल्यामुळे ही निवड समर्पक ठरली. ओलावची भूमिका आंदेर्स बास्मो क्रिस्टियान्सन याने, तर ब्रॉयरची भूमिका कार्ल मार्कोविक्स याने केली. ब्रॉयर हाही वरिष्ठांच्या आज्ञा आणि स्वतःची तडजोडीची इच्छा यांत सापडलेला माणूस म्हणून यात दिसतो. परकीय भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर पुरस्कारासाठी नॉर्वेने हा चित्रपट पाठविला होता. जूनमधील राजत्यागाची मागणी व दुसरा नकार मात्र चित्रपटाच्या कालमर्यादेबाहेर राहतो.

वारसा

डिसेंबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या रोआल आमुंडसेन याने ध्रुवाभोवतालच्या पठाराला हाकोनचे नाव दिले. अंटार्क्टिकालगतच्या एका समुद्रालाही त्याचे नाव आहे. नॉर्वेच्या सार्वजनिक जीवनात मात्र त्याचे स्मरण मुख्यतः इ.स. १९४० मधील दोन नकारांसाठी केले जाते. यांपैकी पहिला शत्रूला दिलेला होता आणि दुसरा स्वदेशातील प्रतिनिधींना. मतदारांनी मोकळेपणाने दिलेला कौल आणि राज्यघटना यांचाच आधार हाकोनने दोन्ही वेळा घेतला.